शटरचा मार आणि मोबाईलवरच्या मॅडम

माझ्या डोक्यात माझ्याच नळ-पाइपांच्या दुकानाचं शटर पडलं. (पडलं असं मी सांगतो. आमच्या केज गावातले बाकीचे लोक म्हणतात, शटर जागेवरच होतं, डोकं वर गेलं!) झालं असं की, शटर अर्धं उचलून मी वाकून आत शिरत होतो. तेवढ्यात शेजारच्या फळवाल्या रहीमने, म्हणजे माझ्या शाळेपासूनच्या दोस्ताने, हातगाडी माझ्या पायरीपुढे चार बोटं सरकवली. मी भांडायला ताडकन उभा राहिलो. भांडण राहिलं, मीच आडवा झालो.

"मेंदूला हादरा बसलाय," डॉक्टर म्हणाले. "डोकं दुखेल, चिडचिड होईल. पुण्याच्या एक थेरपिस्ट मॅडम दर बुधवारी मोबाईलवर व्हिडिओ कॉलने सराव करून घेतील. त्या बरं म्हणेपर्यंत मोटारसायकल बंद!" हे ऐकताच सुनंदाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, किल्ली कमरेला खोचली. मी तिच्या स्कूटीवर मागे बसून भर बाजारातून दुकानात जाऊ लागलो. मांडीवर तिची पर्स! गिऱ्हाईकं नमस्कारसुद्धा तिलाच करू लागली.

मॅडमचा सराव सोपा होता. थकायच्या आधी विश्रांती घ्या, राग आला की दहा आकडे मोजा आणि मग बोला. पण "घरचं कुणीतरी सोबत बसवा," असं त्या बोलून गेल्या आणि तिथेच चुकल्या. बुधवारी अर्धी गल्ली बिस्किटाचे पुडे घेऊन मला भेटायला येऊ लागली. आणि आजाऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आजाऱ्याने द्यायची पद्धत आमच्याकडे नाही.

"झोप कशी लागते?" मॅडमनी विचारलं.

"घोरतेत की!" सुनंदा म्हणाली.

"मी त्यांना विचारतेय."

"त्यांना काय म्हाईत? ते झोपलेले असतेत!"

तरी मी दोन महिने निमूट आकडे मोजले. गिऱ्हाईकाने वापरलेला नळ परत आणला, मोजले. घाटनांदूरचे सासरे आठ दिवस राहून गेले, रोज दोनदा मोजले!

शेवटच्या बुधवारी मॅडम खूश होत्या. मला किल्ली दिसू लागली होती. एवढ्यात रहीम मोबाईलमध्ये डोकावला. "मॅडम, माझा गाडा माझ्याच जागेत होता बरं का!"

मी तीनपर्यंत पोचलो होतो. "तुझ्या जागेत? चार बोटं पुढं होता बे!" असा ओरडलो की मोबाईल आडवा पडला.

मॅडमनी हळूच विचारलं, "हा राग मार लागल्यापासून सुरू झाला का?"

'हो' ठरलं की मी अजून आजारीच! आता जन्मभर स्कूटी!

"न्हाई ओ!" सुनंदा पुढे सरसावली. "लग्नाच्या मांडवात बँडवाल्याशी भांडले होते!"

"वर्गात माझ्या शेजारी बसायचा," रहीम म्हणाला. "तवापासून असाच हाय!"

मॅडमनी लिहून घेतलं. "डोकेदुखी गेली, चक्कर गेली, स्वभावही पूर्वीसारखाच. म्हणजे तुम्ही पूर्ण बरे झालात! तसं डॉक्टरांना कळवते."

मी आनंदाने उडालो. सुनंदाचा चेहरा मात्र पडला. "मॅडम, पूर्वीसारखे कशाला? हे मधले दोन महिने लई ग्वाड होते. तेवढं तसंच ठेवता येत न्हाई का?"

तर किल्ली मिळाली. आता रोज सकाळी मी शटर उचलतो, तेव्हा सुनंदा रस्त्यापलीकडे स्कूटी थांबवून बघत उभी राहते. मला वाटायचं, काळजीपोटी. परवा ती रहीमला हळूच विचारत होती, ते ऐकलं, "भाऊ, गाडा जरा चार बोटं पुढं घेऊन बघता का?"