डिस्पॅचचा पासवर्ड

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी काही वर्षं कॉम्प्युटर विभाग सांभाळला. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि शेजारची सर्व्हरची खोली. तिथला एसी बंद पडला की सगळ्यांना माझी आठवण यायची. गाड्यांना लागणारे सुटे भाग तिथे बनत. दोन हजार साल उलटून गेलं होतं, कॉम्प्युटरला कुणी घाबरत नव्हतं, पण ऑफिसातली खुर्ची वापरावी तसं लोक तो वापरायचे. मोकळा दिसला की बसायचं.

मग एक परदेशी ग्राहक मिळाला आणि त्याने अट घातली. त्याच्या भागांची ड्रॉइंग ज्या ज्या कॉम्प्युटरवर उघडणार, तो प्रत्येक कॉम्प्युटर मान्यताप्राप्त सुरक्षा मानकांप्रमाणे लावलेला पाहिजे. तपासायला त्याचा माणूस येणार होता. मानकं म्हणजे नियमांचा एक जाडजूड गठ्ठा. प्रत्येकाचं खातं वेगळं हवं, पासवर्ड दुसऱ्याला द्यायचा नाही, माणूस उठून गेला की स्क्रीनला आपोआप कुलूप लागलं पाहिजे, पेन ड्राइव्ह कुणीही लावता कामा नये. एकेका मशीनसमोर बसून एकेक नियम ताडून बघायचा आणि चुकेल तिथे दुरुस्त करायचं, हे काम माझ्याकडे आलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. वाचायला रुक्ष, पण प्रत्येक नियमामागे कुठेतरी कुणीतरी पोळलेलं आहे, हे वाचताना जाणवायचं.

सगळ्यात वाईट अवस्था डिस्पॅचच्या, म्हणजे माल रवाना करणाऱ्या विभागाच्या मशीनची होती. मालाबरोबर तपासणीचे कागद जात, त्यामुळे ड्रॉइंग तिथूनही उघडायची. त्या टेबलावर दिवसपाळीला एक बाई बसायच्या. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, मी त्यांना ताई म्हणायची. नाशिक रोडला राहायच्या, नवरा तिथल्या नोटांच्या प्रेसमध्ये. मशीनवर खातं एकच, ताईंच्या नावाचं. तिन्ही पाळ्या त्याच खात्यावर चालायच्या. पासवर्ड होता त्यांच्या मुलीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तो कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलेला होता.

"ताई, हे काय?" मी विचारलं.

"मला काय हौस आहे? साहेबांनीच लावायला सांगितलं. रात्री गाडी भरायची असते, मी घरी असते. मग काय लोकांनी मला फोन करून उठवायचं?"

साहेब म्हणजे आमचे कारखाना व्यवस्थापक. मी कागद काढला, पाळीतल्या प्रत्येकाला वेगळं खातं करून दिलं, पेन ड्राइव्ह बंद केला. ताई खूश झाल्या. म्हणाल्या, "आता मला माझ्या पोरीचं नाव लोडिंगच्या धक्क्यावर ऐकायला लागणार नाही."

ग्राहकाचा माणूस आला, दोन दिवस बसला, सगळं बघून समाधानाने गेला. साहेबांनी पेढे वाटले. पुढच्याच आठवड्यात रात्रपाळीच्या सुपरवायझरने तक्रार केली की माणसं पासवर्ड विसरतात आणि गाड्या खोळंबतात. साहेबांनी मला बोलावलं.

"मॅडम, ते पहिल्यासारखं करून टाका."

"साहेब, मग तपासणी कशाला केली?"

"तपासणी झाली ना? आता आपल्याला धंदा करायचाय."

मी नाही म्हटलं. तर त्यांनी आम्हाला कॉम्प्युटर पुरवणाऱ्या दुकानातून माणूस बोलावला आणि मी सुट्टीवर असताना सगळं पूर्ववत करून घेतलं. परत आले तेव्हा तोच पासवर्ड, तसाच कागद. मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की उद्या काही गेलं तर कुणी नेलं हे कळणार नाही. ते फोनवर होते. त्यांनी हाताने मला जायची खूण केली. ती खूण मला आजही डोळ्यांपुढे दिसते आणि आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

काही महिन्यांनी ग्राहकाचं एक ड्रॉइंग सातपूरच्या दुसऱ्या एका कारखान्यात सापडलं. ग्राहकाने जाब विचारला. साहेबांनी कॉम्प्युटरमधली नोंद काढायला लावली, त्यात ड्रॉइंगची नक्कल डिस्पॅचच्या मशीनवरून, ताईंच्या खात्यातून निघालेली दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंना गेटवरच अडवलं. सिक्युरिटीने त्यांची पर्स उघडायला लावली, डबासुद्धा. सगळी पाळी आत शिरत होती, सगळे बघत होते. मग हातात निलंबनाचं पत्र देऊन त्यांना परत पाठवलं. मी पोहोचले तेव्हा त्या रस्त्यापलीकडे बसची वाट बघत उभ्या होत्या. मी हाक मारली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी तशीच साहेबांकडे गेले.

"ते खातं त्यांचं नाही, सगळ्या डिस्पॅचचं आहे. तुम्हाला माहीत आहे."

"नाव कुणाचं आहे?"

"नाव त्यांचं आहे, कारण मी केलेली वेगळी खाती तुम्ही मोडायला लावलीत!"

"आवाज खाली. चौकशी होईल, तिथे बोला."

चौकशीला मुंबईच्या मुख्य ऑफिसातून दोन अधिकारी आले. ताईंना कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं होतं, पदर घट्ट लपेटून. साहेब नोंदीचा कागद पुढे करून शांतपणे समजावत होते की कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. मला राहवलं नाही. मी उठून म्हणाले, "आपण सगळे डिस्पॅचला चला. आत्ता."

साहेब म्हणाले, "याची गरज नाही." पण अधिकाऱ्यांपैकी एक बाई होत्या, त्या उठल्या. मग सगळ्यांनाच उठावं लागलं.

धक्क्यावर खोकी चढवणारा चांदवडकडचा एक माणूस पहिला समोर आला. मी मॉनिटरवरचा कागद फाडून मुठीत धरला आणि त्याला म्हटलं, "भाऊ, जरा हे मशीन चालू करून द्या." त्याने हात पँटला पुसले आणि बघता बघता ताईंच्या मुलीचं नाव टाइप केलं. ड्रॉइंगचा फोल्डर उघडला.

"तुम्हाला पासवर्ड कसा माहीत?" त्या बाईंनी विचारलं.

"मला काय, समद्यांना माहीत हे. त्यात काय लपवायचं?" तो गोंधळला. "काय चुकलं का?"

मग फोर्कलिफ्टवाल्याने उघडून दाखवलं. मग एका ट्रान्सपोर्टच्या ड्रायव्हरने, जो आमच्या कारखान्याचा माणूसही नव्हता. तो म्हणाला, मालाच्या चलनाची प्रिंट आम्हीच काढून घेतो की. मी सगळ्यांसमोर सांगितलं की हे मशीन नियमाप्रमाणे लावलं होतं आणि साहेबांच्या हुकमावरून मोडलं. साहेब छताकडे बघत होते. आणि ताई तिथे खोक्यांशी उभ्या राहून एकेक परका माणूस आपल्या मुलीचं नाव टाइप करताना बघत होत्या.

निलंबन मागे घेतलं गेलं. पत्रात माफीचा एक शब्द नव्हता, 'गैरसमज' असा शब्द होता. ड्रॉइंग कुणी नेलं ते कधीच कळलं नाही. कुणाला शोधायचंही नव्हतं. साहेबांची काही दिवसांनी पुण्याच्या मोठ्या कारखान्यात बढतीवर बदली झाली.

ताई कामावर आल्याच नाहीत. मी एका रविवारी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा केला, समोर बसल्या.

"ताई, आता सगळ्यांना कळलंय. तुम्ही या परत."

"तू माझ्यासाठी भांडलीस, ते मी विसरणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तुला एक सांगू? त्या दिवशी मी घरी आले, ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांची सगळी नोकरी प्रेसमध्ये गेली. तिथे रोज झडती, रोज संशय. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, तू खरंच नाही ना काही केलंस?"

आतल्या खोलीत टीव्ही चालू होता. त्यांचा नवरा तिथेच होता, बाहेर आला नाही.

"एकदाच विचारलं," ताई म्हणाल्या. "परत कधी नाही. पण विचारलं ना. ते तुमचं पत्र कसं मागे घेणार?"

मी चहा संपवला आणि निघाले. पुढच्या महिन्यात मी नोकरी सोडली. ताईंनी नंतर घराजवळच्या एका शाळेच्या ऑफिसात काम धरलं, हाताने पावत्या लिहायचं. कॉम्प्युटरसमोर बसणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

मी पुढे हेच काम करत राहिले. अनेक कंपन्यांची मशीनं तपासली. दर ठिकाणी कुणीतरी हसून म्हणतं, मॅडम, एवढं काटेकोर कशाला, इथे सगळी घरचीच माणसं आहेत. मी हसत नाही. मी विचारते, हे खातं कुणाच्या नावाचं आहे, आणि त्या माणसाला बोलावून घेते.