नारिंगी सुताचं टोक

संत्र्याच्या सरबताच्या पावडरीचा वास आला की अजून मला ते सूत आठवतं. मेंढरं विकण्याआधीच्या शेवटच्या पांढऱ्या लोकरीचं सूत माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, नातीच्या टोपीसाठी माझ्याकडे दिलं होतं. दिवसभर डाळिंबं तोडून आले आणि त्या पावडरीत लिंबू पिळून मी ते सूत रंगवायला चुलीवर उकळलं. घरभर मेंढरांचा नि संत्र्याचा वास एक झाला. रंग झकास बसला, पण पावडरीत साखर होती. वाळत घातलेल्या सुताला मुंग्या लागल्या. वैतागून मी ते कढत पाण्यात कपड्यासारखं खसाखसा चोळलं आणि लोकर आटून तिचा घट्ट गोळा झाला. “आबा, चुकलं माझं.” “दमलीयास तू. जेव आन् पड जरा,” एवढंच म्हणून ते उंबऱ्यावर बसून सुताचं टोक शोधत राहिले. आता ते नाहीत. गोळा कपाटात आहे. हातात घेतला की माझीही बोटं टोकच शोधतात.