मी वॉर्डातच राहणार

मेजर देशमुख मॅडमनी मला इंजेक्शन द्यायला शिकवलं, हे आधी सांगतो. बारावीनंतर शिक्षण सोडून मी फौजेच्या दवाखान्यात नर्सिंग असिस्टंट झालो, तेव्हा घरापासून इतक्या लांब ‘घाबरू नकोस रे’ असं मराठीत म्हणणाऱ्या त्याच एक डॉक्टर होत्या. सरावाला त्यांनी स्वतःचा दंड पुढे केला होता.

आता त्या वॉर्ड सोडून दवाखान्याच्या कारभाराकडे चालल्या आहेत. मलाही ऑफिसात घ्यायला तयार आहेत.

“हो म्हण लेका,” हवालदार शिंदे म्हणाले. “जन्मभर बेडपॅनच उचलणार का?”

आज राउंडला मॅडम स्टेथोस्कोपची चकती तळहातावर चोळत होत्या. इथल्या डोंगरातल्या थंडीत ती बर्फासारखी लागते. ऊब आल्यावरच त्यांनी ती जवानाच्या छातीवर ठेवली. तो डोळे मिटून पडला होता, त्याला कळलंही नाही. मनात आलं, औषधं वेळेवर पोचवणारं ऑफिस हवंच, त्यावाचून वॉर्ड चालायचा नाही. पण ही ऊब कुठल्या हुकुमाने पोचवणार? ती ज्याने त्याने आपल्याच हाताने द्यायची.

राउंडमध्येच बोललो, “मॅडम, मी ऑफिसात नाही येणार.”

“माझं ऐकणार नाहीस?”

“तुमच्याकडे बघूनच ठरवलंय.”

त्या हसल्या नाहीत. “हट्टी आहेस,” म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

राग आला असेल तर येऊ दे. कधीतरी आम्ही दोघंही वर्दीतून मोकळे होऊ. तेव्हा मॅडम दुखण्याने पडल्याच, तर उशाशी मी असेन. त्यांचे उपकार मी तिथेच फेडणार.