दीडपट वेगाने ऐकलेली आई

कऱ्हाडच्या आमच्या घरासमोर भाड्याची सुमो उभी होती आणि आई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होती, "पासपोर्ट कुठाय?" तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई, तिला हळू बोलताच येत नसे. पासपोर्ट माझ्या हातातच होता. तो बघितल्यावर तिने मला बाजूला घेतलं आणि त्यातल्या त्यात हळू म्हणाली, "चांगलं असेल ते कधीही सांग. वाईट असेल ते त्याच दिवशी सांगायचं. मीही तसंच करीन." दादा तेव्हा डिकीत बॅगा कोंबत होता, त्यानेही ऐकलं. दादा, तू हे वाचशीलच, म्हणून आठवण करून देतोय.

मी शब्द पाळला. अमेरिकेत, अल्फारेटाला आल्यावर चौथ्या वर्षी ले-ऑफ झाला, तेव्हा सामानाचं खोकं घेऊन पार्किंगमध्ये उभा राहिलो आणि आईला झोपेतून उठवून सांगितलं. माझ्या बायकोला, मंजिरीला, त्यानंतर कळलं. त्यावरून मंजिरी बरेच दिवस फुगून होती.

आईला व्हिडिओ कॉल आवडत नसे. आपलंच थोबाड काय बघायचं, म्हणायची. त्याऐवजी ती रोज एक व्हॉइस नोट पाठवायची, चांगली सात-आठ मिनिटांची, गल्लीतल्या सगळ्या बित्तंबातमीसकट. सकाळी लेकीला, इराला, शाळेत सोडायला निघालो की मी ती गाडीत लावायचो, दीडपट स्पीडवर. शाळा येईपर्यंत संपायला हवी ना. तुमच्यापैकी ज्यांच्या आया अशा नोट्स पाठवतात त्यांनी मला हसू नये.

या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी नोट्स एकदम आखूड झाल्या. उपमा केला होता, गाडी हळू चालव, इराच्या केसांना तेल लाव, बाकी सगळं ठीक. गल्लीत कुणाचं भांडण नाही, कुणाचं लग्न ठरत नाही. मला वाटलं, वय झालं. खरं सांगायचं तर बरंच वाटलं, वेळ वाचत होता. पाडव्याला पाडव्याची नोट आली, माझ्या वाढदिवसाला वाढदिवसाची.

मग एका सकाळी मागच्या सीटवरून इरा म्हणाली, "बाबा, इट्स द सेम मॅन." कुठला मॅन, मी विचारलं. "आजीच्या मागे जो शाउट करतो तो. एव्हरी डे. अँड द सेम डॉग." शाळेसमोरच्या गाड्यांच्या रांगेत मी फेब्रुवारीनंतरच्या नोट्स एकामागोमाग एक लावल्या. सगळ्यांत तोच भंगारवाला, त्याच्यावर भुंकणारं तेच कुत्रं, आणि जवळच कुठेतरी फरशी कापायचं तेच मशीन. पाडव्याच्या नोटमध्येसुद्धा.

तिथूनच दादाला फोन लावला. आधी तो काहीबाही बोलला, मग सांगितलं. आईला घशाचा कॅन्सर होता. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं, त्याला पाच आठवडे झाले होते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी तिने एका बैठकीत चाळीस नोट्स बोलून ठेवल्या, आणि कुठल्या तारखेला कुठली पाठवायची याचं वेळापत्रक करून दादाच्या हातात दिलं. शाळेत करायची तसं, पट्टीने रेघा मारून. माझा व्हिसा अडकला होता. निघून आलो असतो तर वकिलातीत व्हिसा स्टॅम्पिंगची तारीख मिळेपर्यंत परत येता आलं नसतं, आणि नोकरी तोवर थांबली नसती. म्हणून मला सांगायचं नाही, असं ठरलं.

घरी येऊन मंजिरीला सांगितलं. तिने हातातलं ओटा पुसायचं फडकं खाली ठेवलं नाही. "मला माहीत होतं," म्हणाली. "तू उठून गेला असतास यार. मग इराला घेऊन मी इथे काय केलं असतं?" तिचं चुकलं, असं मला आजही सिद्ध करता येत नाही. तिच्याशी मी आठवडाभर कामापुरतंच बोललो.

आता आई व्हिडिओवर येते. दुसरा उपायच नाही. गळ्याला रुमाल, हातात पाटी. पहिल्याच दिवशी तिने लिहिलं, "रागावलास?" मी हो म्हटलं. तिने पुसलं आणि लिहिलं, "तू लांब आहेस म्हणून." मला जेव्हा सर्वांत जवळ असायला हवं होतं, तेव्हाच लांब का ठेवलं, याचं उत्तर तिच्या पाटीवर मावलं नसतं, म्हणून ते विचारलं नाही. लहानपणी पाहुणे आले की आई डोळ्यांनी दटावायची, घरातलं काही त्यांच्यापुढे बोलायचं नाही. त्या घरातला मी पाहुणा कधी झालो, ते मला कुणी सांगितलं नाही.

इथे कुणी घर कुठे विचारलं की पूर्वी मी कऱ्हाड म्हणायचो. आता अल्फारेटा म्हणतो आणि विषय बदलतो.

त्या आखूड नोट्स मात्र ठेवल्या आहेत. त्याआधीच्या, बातम्यांनी भरलेल्या, फोनमध्ये जागा हवी म्हणून मीच वेळोवेळी उडवल्या होत्या. हल्ली इराला सोडून परत येताना एखादी लावतो, साध्या स्पीडवर. "बाकी सगळं" एवढं म्हणून आई थांबते. भंगारवाल्याची एक हाक होते, कुत्रं एकदा भुंकतं, आणि मग ती "ठीक" म्हणते. दीडपट वेगात ते थांबणं मला कधी ऐकूच आलं नव्हतं.