हार्लन अजून यायचाय

गेल्या ऑक्टोबरपासून आर्डिसच्या काड्यापेट्या मैद्याच्या डब्यात असतात. हे तिला ठाऊक आणि मला, तिच्या शेजारणीला. तेव्हा तिच्या नवऱ्यानं, व्हर्लिननं, गॅरेजमागे पाचोळा पेटवला आणि ते विसरून आत येऊन तो टीव्ही बघत बसला. कुंपण पेटलं तेव्हा बादल्या घेऊन मीच धावले.

"पोरांना बोलू नकोस," आर्डिस म्हणाली. "ती त्याला कुठल्या तरी वृद्धाश्रमात नेऊन ठेवतील."

आणि हा व्हर्लिन म्हणजे गावाचा आगवाला. आमचा ओक झाडांचा माळ जाळल्याशिवाय टिकत नाही. अधूनमधून गवत पेटवलं नाही, तर झुडपं माजतात आणि ओकांची रोपं सावलीत मरतात. मोठ्या ओकांची साल जाड, त्यांना आग लागत नाही. डेअरीतली नोकरी सांभाळून व्हर्लिन जन्मभर हे काम करत आला. आर्डिस रविवारी त्याच माळावरून लोकांना फिरवून आणते.

एप्रिलातल्या त्या रविवारी त्याला घरी एकटं ठेवायची तिची छाती झाली नाही. सोबत घेऊन आली.

"आज साहेब स्वतः?" गॉर्डी म्हणाला. तो व्हर्लिनच्या माळ जाळणाऱ्या टोळीतला जुना गडी. "म्हणजे मिशी सांभाळायला हवी. मागं एकदा अर्धी जळाली होती."

"अर्धीवरच बरा दिसत होतास," व्हर्लिन म्हणाला.

सगळे हसले. आर्डिस जरा उशिरा हसली.

चढावर लोकरीसारखी लव असलेली जांभळी फुलं आली होती, ती तिनं वाकून दाखवली. एका ओकाच्या सालीवर सगळ्यांना तळहात ठेवायला लावले. मग मागं वळून पाहिलं, तर व्हर्लिन नव्हता. खाली अवजारांच्या शेडचं दार सताड उघडं होतं.

ती माझ्या कानाशी आली. "मैद्याचा डबा रोज बघते गं. शेडमधल्या गवत पेटवायच्या मशाली डोक्यातच आल्या नाहीत. काड्यापण तिथंच असतात."

चहूकडे कमरेएवढं वाळकं गवत आणि मध्ये आम्ही.

"गॉर्डीला सांग," मी म्हणाले.

"सांगितलं की संपलं. उद्या गावभर होईल."

ती बोलत राहिली. निळे पक्षी ओकाची फळं पुरून ठेवतात आणि विसरतात, त्यातनं झाडं उगवतात, असं सांगताना आवाज सरळ होता; हातातल्या गवताचा मात्र भुगा झाला होता. नेहमीची वाट सोडून ती डावीकडं वळली. तिकडचा उतार मागच्याच आठवड्यात जाळलेला, काळाभोर. लोकांचे बूट राखेनं माखले.

गॉर्डी थांबला. "आर्डिस, काळ्यात का आणलंस?"

आग अंगावर आली की जळलेल्या जागेवर जाऊन उभं राहायचं, हे टोळीतला प्रत्येकजण पहिल्या दिवशी शिकतो.

"व्हर्लिन कुठाय?" त्यानं हळूच विचारलं.

मग तिनं सांगितलं. कुंपणाचंही सांगितलं.

लोकांना तिथंच कॉफी प्यायला बसवून आम्ही तिघं निघालो. टेकाडावरच्या थोरल्या ओकाखाली व्हर्लिन उभा होता. एका हातात तेलानं भरलेली मशाल, दुसऱ्यात काडीपेटी. वात पेटलेली नव्हती.

"किती उशीर," तो म्हणाला. "नावं सांगा."

आग लावण्याआधी प्रत्येकानं आपलं नाव आणि जागा किंवा काम मोठ्यानं सांगायचं, ही त्यानंच घातलेली पद्धत. गॉर्डीनं टोपी काढली. "गॉर्डी. पूर्वेची कड."

"आर्डिस," ती म्हणाली. "पाणी."

मीही नाव सांगितलं.

व्हर्लिन वाट बघत राहिला. "हार्लन?"

टोळीतल्या हार्लनला पुरून बरीच वर्षं झाली होती. गॉर्डीनं आर्डिसकडं पाहिलं.

"हार्लन अजून यायचाय," तो म्हणाला.

"मग आज नाही. माणसं पुरी नसली की आग नाही." व्हर्लिननं काडीपेटी आर्डिसच्या हातात दिली आणि मशाल उचलून शिस्तीत शेडकडं चालू लागला.

"कुलूप मी बदलतो," गॉर्डी म्हणाला. "आणि कुणाला बोलत नाही. पण पोरांना तू सांग, आर्डिस."

तिनं काडीपेटी खिशात घातली, पण हात बाहेर काढला नाही.

"गॉर्डी, त्याला घरात नसलेली माणसं दिसतात हल्ली," ती म्हणाली. "एखाद्या दिवशी हार्लन दिसला तर?"

गॉर्डीनं टोपी घातली. खाली राखेत उभी असलेली माणसं आमच्याकडं बघून हात हलवत होती. आर्डिसनंही हात हलवला, आणि संध्याकाळी पोरीला फोन लावताना माझ्याजवळ बस, असं मला म्हणाली.