फोकटलेंडर

मनसाराम फोटोवाल्याच्या आणि माझ्या घरात कुडाची एकच भिंत आहे. ती त्याच्या बाजूनं लिंपलेली आणि माझ्या बाजूनं जागोजागी फुटलेली, त्यामुळे त्याच्या घरातला शब्द न् शब्द माझ्याकडे येतो. नागभीडचे लोक मला चहाडखोर म्हणतात. त्यात अर्धा दोष कुडाचा आहे. उरलेल्या अर्ध्याचं पुढे सांगतो.

मनसाराम ढिवरांच्या घरचा. बाप आणि आजा दोघांची हयात तलावात जाळी टाकण्यात गेली. बाप लवकर वारला, तेव्हा त्याच्या मायनं, गोकुळामायनं, जाळी विणून आणि डोक्यावर मासळीची टोपली घेऊन गावोगाव फिरून त्याला वाढवलं. सातवी झाल्यावर तो नागपूरला एका फोटोवाल्याकडे राहिला. चार वर्षं त्याच्या थाळ्या धुतल्या, आणि परत आला तो कोडॅक कॅमेऱ्याचा एक काळा डबा घेऊनच. ओसरीवर त्यानं एक पडदा टांगला. मोडलेल्या नाटकमंडळीचा पडदा तो. त्यावर राजवाडा, संगमरवरी पायऱ्या आणि एक हंस. पुढे खुर्ची, खुर्चीशेजारी तिपाईवर फुलदाणी. ज्याचं लग्न झालं, ज्याला पोरगा झाला, ज्याची बैलजोडी शंकरपटाच्या शर्यतीत पहिली आली, तो तो माणूस त्या राजवाड्यात बसून गेला. लटारू गाडीवानानं तर बैलही आणले होते, पण ते हंस पाहून बिचकले.

त्या डब्यात कमी-जास्त करण्यासारखं काही नव्हतं. माणसाला उजेडात बसवायचं आणि खटका दाबायचा. अट एकच, समोरच्यानं हलायचं नाही. आणि गोकुळामायची मान हलत असे.

पाच-सहा वर्षांपासून तिला कंप होता. हात मांडीवर ठेवले की बोटं थरथरत, आणि मान अशी डावीउजवीकडे हले की पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारी नाई नाई म्हणून राह्यली. मी सगळ्यांना सांगायचो, गोकुळामायकडे काही मागायला जाऊ नका, विचारायच्या आधीच उत्तर मिळतं. हे ऐकून तीच सगळ्यांत जास्त हसायची. हसतानाही मान नाईच म्हणायची.

मनसारामनं तिला चारदा खुर्चीत बसवलं होतं. नवं लुगडं, हात मांडीवर, मागे राजवाडा. कुडातून मला ऐकू यायचं, "माय, हालू नको. जरासक दम धर." तो असं म्हणाला की ती जास्तच हलायची. चारही फोटोंत हंस स्वच्छ, फुलदाणी स्वच्छ, आणि खुर्चीत नुसती धुक्यासारखी धुई. ते फोटो त्यानं ट्रंकेच्या तळाशी ठेवले. मला कसे माहीत, ते विचारू नका. साऱ्या मुलखाचे चेहरे ज्यानं कागदावर उतरवले, त्याच्याकडे मायचा चेहरा नव्हता, आणि माय दर हिवाळ्याला थोडी थोडी कमी होत चालली होती. त्याच्या जिवाला लागलेली काळजी ही एवढीच.

छप्पन्नच्या दिवाळीच्या सुमारास आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, आणि त्याच महिन्यात स्टेशनाकडे राहणारे रेंजरसाहेब तापानं वारले. त्यांच्या बायकोनं, कलाबाईनं, मनसारामला बोलावणं धाडलं. साहेबांचा कॅमेरा होता, तो जाणत्याच्या हाती जावा अशी तिची इच्छा. लढाईच्या आधीचा जर्मन कॅमेरा. मिटला की वहीएवढा, उघडला की पुढे कातड्याचा भाता येई. मनसारामच्या डब्याहून वयानं मोठा. पण त्याचा खटका असा की सेकंदाचे अडीचशे तुकडे करून त्यातला एकच उचलावा. बाईनं साहेबांनी काढलेला एक फोटो दाखवला. बोडीच्या पाण्यावरून उडालेला बगळा, आणि त्याच्या पंखाचं पीस न् पीस मोजून घ्यावं. मनसाराम तो बगळा हातात धरून बराच वेळ उभा राहिला म्हणे.

बाई म्हणाली, संक्रांतीनंतर मी वर्ध्याला भावाकडे जाणार, तोवर वापरून पाहा. पटला तर ठेवा, नाही तर परत द्या. मागितलेली किंमत रास्त होती. पण ती द्यायची तर कोडॅकचा डबा विकावा लागत होता, आणि तिथंच गडी अडकला.

रोज सकाळी माझ्या पानठेल्यावर येऊन तो एक नवी अडचण मांडायचा. डब्याची रिळं बारीक फिरकीची, याची जाड फिरकीची. फिल्म तीच, पण घरात भरून ठेवलेलं एकही रीळ यात बसत नाही. माणूस किती फुटांवर आहे ते ठरवून काच फिरवावी लागते. अंदाज चुकला की नवरदेव पुसट आणि हंस लख्ख. भात्याचं कातडं म्हातारं, आपल्या पावसाळ्यात टिकतं की नाही देव जाणे. आणि डबा विकल्यावर हे बिघडलं, तर परत तलावावर जायचं काय? आज घेतो म्हणायचा, उद्या नको म्हणायचा. मी म्हटलं, लेका, अख्ख्या जिल्ह्यानं एका दिवसात राज्य बदललं, तुले एक डबा बदलवत नाई.

मग एका बाजारच्या दिवशी, ठेल्यावर माणसं जमलेली असताना, मी त्याला त्या कॅमेऱ्याचं नाव विचारलं. रेंजरसाहेबांनी कलकत्त्याच्या दुकानदाराकडून जर्मन उच्चार घोटून घेतला होता, तो कलाबाईकडून मनसारामकडे आला होता. त्यानं मोठ्या काळजीनं जीभ वळवली आणि म्हणाला, "फोग्टलेंडर."

"फोकट लेंडर?" मी म्हटलं. "म्हणजे रेंजरीणबाईनं फोकट देल्ला का काय?"

ठेला हसला. मनसारामही हसला, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. पानाला चुना लावावा इतक्या सहज निघालेला शब्द तो.

संध्याकाळपर्यंत तो बाजारभर झाला. दुसऱ्या दिवशी लटारू पाच पोरांना तेल लावून, नवे सदरे घालून मनसारामच्या ओसरीवर हजर. कॅमेरा फोकटचा आहे तर फोटो पण फोकटच असन, असा त्याचा हिशेब. मनसारामनं त्याला समजावून परत धाडलं, तर तो वाटेत भेटेल त्याला सांगत गेला की फोटोवाला माजला. इथवर गंमत होती. पण आमच्या गावात फोकट मिळालेल्या वस्तूच्या मागे दुसरा प्रश्न येतोच. विधवा बाई, एकटी राहते, आणि नवऱ्याच्या हातची वस्तू तरण्या माणसाला फोकट देते, ती काऊन? हा प्रश्न मी विचारला नव्हता. पण तो माझ्याच ठेल्यावर पान खात खात विचारला गेला, आणि मी विचारणाऱ्याला चूप बस म्हटलं नाही.

गोकुळामायला ते मासळीच्या बाजारात कळलं.

त्याच दुपारी मनसारामनं जाड फिरकीचं पहिलं रीळ आणलं होतं. खुर्चीपासून दोरीनं सात फूट मोजले, खूण केली, काच फिरवली आणि मायला हाक मारली. कुडापलीकडे मी हातातलं काम थांबवून ऐकत होतो.

"मी नाई बसत," ती म्हणाली.

मनसारामनं विचारलं, काऊन.

"ज्या बाईचं कुंकू पुसलं तिची वस्तू फोकट आनली तुनं. मी हयातीत कोनाचं फोकट खाल्लं नाई. त्या डब्यासमोर मले बसवू नको."

फोकट नाही, किंमत देणार आहे, हे त्यानं सांगून पाहिलं. देल्ली का, असं तिनं विचारलं. अजून दिली नव्हती. देणार की नाही हेच ठरत नव्हतं. तिला जे समजायचं ते ती समजली. मान तर तिची रोजच नाई म्हणायची, पण त्या दिवशी ती खरोखरच नाई म्हणत होती.

दुसऱ्या सकाळी तो ठेल्यावर आला. पान घेतलं नाही. मला म्हणाला, "भाऊ, तुमी मायले सांगा." इतकंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी दुपारीच गेलो. ओसरीवर कोणी नव्हतं म्हणून मागच्या अंगणात डोकावलो, आणि पायच थांबले. गोकुळामाय न्हाणीच्या आडोशाला बसली होती आणि जाळं विणत होती. मनसारामनं तिला ते काम बंद करायला लावलं होतं. फोटोवाल्याच्या मायनं आता जाळी विणू नये, लोक काय म्हणतील. ती चोरून विणत होती. आणि तिचे हात थरथरत नव्हते. बांबूची सुई आत जाई, बाहेर येई, गाठ बसे, पुढची गाठ. हनुवटी छातीला टेकलेली, त्यामुळे मानही शांत. मी तिथं उभा राहून वीस-पंचवीस गाठी मोजल्या असतील.

मग खाकरलो आणि सगळं सांगितलं. फोग्टलेंडर हे त्या डब्याचं नाव आहे, फोकट हा माझा चावटपणा, कलाबाई भली बाई आहे आणि तुझा पोरगा तिला मोल देणार आहे. तिनं मान वर केली. वर केली तशी ती हलू लागली.

"बापू," ती म्हणाली, "तू खरं कवा बोलते अन् खोटं कवा, मले आजपर्यंत समजलं नाई. हे पन तसंच असन."

मी शपथ घेतली. ती हसली. शपथासुद्धा मी गमतीत घेतो, हे तिला ठाऊक होतं.

त्या दिवशी मी मनसारामला एक गोष्ट मात्र सांगितली. म्हटलं, मायच्या हाती जाळं दे, ती हलत नाही, तुझ्या जुन्या डब्यातसुद्धा येईल. वाटलं होतं, खुलेल. तो लाल झाला. म्हणाला, "मायले जाळ्यासंगं बसवू? साऱ्या गावाले राजवाड्यात बसवलं, अन् मायले न्हानीपाशी?" त्यानंतर कितीतरी दिवस कुडापलीकडून मला त्याचा आवाज आला नाही. बोलत असेल, पण हळू.

गावातली कुजबुज कलाबाईपर्यंत गेलीच होती. तिनं संक्रांतीची वाट पाहिली नाही. पौषातल्या एका सकाळी ती सामान बैलगाडीत चढवत असताना मनसाराम कॅमेरा घेऊन स्टेशनाकडे गेला. गाडी लटारूचीच, म्हणून मला कळलं. बाईनं विचारलं, "पटला नाही का?"

"पटला, बाई," तो म्हणाला, आणि कॅमेरा तिच्या हातात ठेवला.

बाई त्याच गाडीत बसली. वर्ध्याला गेली. तो बगळ्याचा फोटो तिनं त्याला देऊ केला होता, तोही त्यानं घेतला नाही. फोकटचं होतं ना.

माघात एका सकाळी कुडातून मला पुन्हा त्याचा आवाज आला. "माय, तुहं जाळं काढ," तो म्हणत होता. त्यानं तिला ओसरीवर नाही, मागच्या अंगणातच उन्हात बसवलं, माझ्या परसातून दिसेल असं. पडदा नाही, खुर्ची नाही, फुलदाणी नाही. तिला त्यानं दम धर म्हटलं नाही, हालू नको म्हटलं नाही. ती विणत राहिली. त्यानं कोडॅकचा डबा पोटाशी धरला आणि दोन गाठींच्या मधल्या थांब्यात खटका दाबला. डब्याचा तो खटका मी हजारदा ऐकला आहे, पण त्या दिवशी मीही श्वास धरला होता.

तीन दिवसांनी तो फोटो घेऊन माझ्याकडे आला. मला दाखवायला का आला असेल, ते मी अजून ठरवू शकलो नाही. फोटो लख्ख होता. हाताच्या शिरा, नखं, सुईचं टोक, जाळ्याचं घर न् घर. धुई कुठेही नव्हती. पण मान खाली, कपाळावर पदर ओढलेला, त्याखाली काळी सावली. चेहरा नव्हता.

"तोंड नाई दिसून राह्यलं," मी म्हणालो. मला काही तरी बोलायला पाहिजेच असतं.

"वर पाह्यलं असतं तं हालली असती," तो म्हणाला. मग म्हणाला, "त्या जर्मन डब्यात..." फोटो कागदात गुंडाळला आणि गेला.

गोकुळामाय त्याच वर्षी श्रावणात गेली. तेरवीला मनसारामनं तो फोटो काचेत बसवून ओसरीवर ठेवला. मागे राजवाड्याचा पडदा गुंडाळून बांधलेला होता. माणसं जमली, हार आला, कोणीतरी गंधाची वाटी पुढे केली. मनसारामनं बोट बुडवलं आणि फोटोपाशी नेलं, आणि ते बोट काचेपुढे तसंच थांबलं. गंध लावायला कपाळच नव्हतं. लटारूनं माझ्याकडे पाहिलं. असल्या वेळी मी काही तरी बोलून माणसं हसवतो, अशी सगळ्यांना सवय होती.

मी खाली पाहत राहिलो. मनसारामनं गंध तिच्या हातांवर लावलं, जिथं सुई गाठीत शिरत होती तिथं.