वीसपर्यंत मोजून

खाटकीणबाईच्या नादाला कोणी लागत नसे. सातवा महिना लागला तरी तिचा सत्तूर चालूच. फक्त झोप पुरेना. रात्रभर घोरायची आणि दिवसा उभ्या उभ्या पेंगायची. अशाच एका डुलकीत सत्तूर मटणाऐवजी डाव्या करंगळीवर पडला. तुटलेलं टोक खिम्यातून शोधताना नवऱ्याला घाम फुटला.

डॉक्टरांनी टाके घातले, झोपेची तपासणी केली आणि स्पष्टच सांगितलं, "झोपेत तुमचा श्वास अडतो. तासाला तीस वेळा, वीस-वीस सेकंद. बाळाची वाढ मागे पडलीय. हा मुखवटा लावूनच झोपायचं. मशीन नळीतून हवा सोडतं, घसा उघडा राहतो."

नवऱ्याने मुखवट्याचा पट्टा बांधला मात्र, तिने असा ठोसा हाणला की बिचाऱ्याचा पुढचा दात गेला. दवाखान्यात नर्सने विचारलं, "कोणी मारलं हो?"

"बायकोनं."

नर्स हसली, पण बाईचा चेहरा बघून तिने खुर्ची जवळ ओढली.

"नाकातोंडावर काही आलं की मला बाप दिसतो," बाई म्हणाली. लहानपणी ही रडायला लागली की बाप चरबीचा वास मारणारा पंजा तिच्या तोंडावर दाबून धरायचा, ती निपचित पडेपर्यंत. तोच बाप आता म्हातारा होऊन दुकानामागच्या खोलीत तिच्याच जिवावर जेवत होता.

नर्सने युक्ती सांगितली. आधी जागेपणी सवय करा. मग काय, दुपारी दुकान बंद झालं की बाई मुखवटा लावून सुऱ्यांना धार लावत बसायची. पाच मिनिटं, दहा, अर्धा तास. बाराव्या दिवशी खाटेवर पडल्या पडल्या तिचा डोळा लागला, घोरणं नाही की गुदमरणं नाही. नवऱ्याला रडूच आलं. पुढच्या तपासणीत बाळाचं वजन वाढलेलं निघालं.

म्हाताऱ्याला मात्र मशीनचा आवाज खुपायचा. "सारखी फुसफुस! डोकं उठलंय माझं." एका दुपारी ती झोपलेली असताना तो उठला. दुकान धुवायचा पाइप दुमडून पाणी बंद करतात, तशी त्याने मशीनची नळी दुमडली आणि मुठीत आवळून धरली.

ती दचकून जागी झाली. हवा नाही. समोर बाप. मुखवटा ओरबाडून काढत तिने त्याचं मनगट धरलं आणि कोंबडीची मान पिरगळावी तसं पिरगळलं. कडकन हाड मोडलं. म्हातारा किंचाळला. तिने त्याला जमिनीवर लोळवलं, गुडघा छातीवर रोवला आणि पंजा त्याच्या नाकातोंडावर दाबला.

"एक. दोन. तीन."

नवरा धावत आला. "अगं सोड! मरेल तो!" तो तिला मागे ओढत होता, पण ती जागची हलेल तर शपथ. म्हाताऱ्याचे डोळे बाहेर आले, टाचा फरशीवर आपटत राहिल्या.

"एकोणीस. वीस."

तिने हात काढला. म्हातारा खोकत, ओकत कुशीवर वळला.

"माझ्या बाळाची हवा तोडलीत, बाबा. मी निदान मोजलं तरी. तुम्ही कधी मोजतही नव्हतात."



बाळ पोटात जोरात हललं. ती खाटेवर बसली, नळी सरळ केली. मुखवटा उचलून नवऱ्यापुढे धरला. दात पडलेला नवरा जवळ आला, भीतभीत. त्याने पट्टा बांधला. तिने डोळे मिटले आणि त्याला बांधू दिला.